खिशातले बूच

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आई वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती. ड्रमच्या तळाशी काहीतरी खुळखुळत होते म्हणून तिने हात घातला आणि लवंगेएवढे, दुधी रंगाचे एक प्लॅस्टिकचे बूच तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर आली. “हे कसलं रे बूच? तुझ्या शर्टाच्या खिशातलं दिसतंय.” “ऑफिसचं आहे, असू दे,” असे मी म्हणालो. तिने ते माझ्या कपाशेजारी ठेवले आणि ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. माझा चहा मात्र तिथेच निवला. आदल्या रात्री बारापासून पहाटे चारपर्यंत मी सर्व्हर रूममध्ये होतो. जुन्या स्विचवरच्या, म्हणजे संगणकांचे जाळे जोडणाऱ्या यंत्रावरच्या, सहा ऑप्टिकल जोडण्या नव्या स्विचवर हलवायच्या होत्या आणि असली कामे करायला आम्हाला शनिवारची मध्यरात्रच मिळते. सहा नव्या पॅच कॉर्ड, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या आखूड दोऱ्या, वापरल्या होत्या. एका कॉर्डला दोन्ही बाजूंना दोन-दोन टोके असतात आणि प्रत्येक टोकावर असे एक बूच असते. म्हणजे चोवीस बुचे निघाली असणार. काढलेले बूच खिशात टाकायचे नाही, लगेच झिपच्या पाकिटात घालायचे, हा नियम मीच माझ्या हाताखालच्या मुलांना घालून दिलेला आहे. बॅगेतून ते पाकीट काढले, टेबलावर उपडे केले आणि तांदूळ निवडावेत तशी ती बुचे बोटाने एकेक बाजूला सारत मोजली. चोवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा चोवीसच. कपाशेजारचे बूच त्यांत धरलेले नव्हते.

हे पंचविसावे कुठून आले?

ज्याने हे काम केलेले नाही त्याला एवढ्याशा बुचासाठी रविवार नासवणे हास्यास्पद वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण खिशात बूच आहे याचा अर्थ कुठेतरी एक टोक उघडे आहे, किंवा ते तसेच उघडे राहिल्यानंतर कुठेतरी खुपसले गेले आहे. ते टोक म्हणजे सव्वा मिलिमीटर व्यासाची सिरॅमिकची एक कांडी, आणि तिच्या मधोमध बसवलेली काच. काचेचा व्यास १२५ मायक्रॉन, आणि त्या काचेच्याही गाभ्यातून, जेमतेम नऊ मायक्रॉनच्या वाटेने, सगळा प्रकाश जातो. तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली हे टोक धरले की पडद्यावर करडी चकती दिसते. ती चकती रुपयाच्या नाण्याएवढी दिसत असेल तर मधला गाभा मोहरीच्या दाण्याएवढा असतो. स्वच्छ टोक पाहताना मला दर वेळी निरभ्र रात्रीच्या चंद्राची आठवण होते, आणि अस्वच्छ टोक पाहताना कोणीतरी त्याच चंद्रावर तेलकट अंगठा उमटवल्यासारखे वाटते. बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी इंद्रधनुषी तवंग येतो. धुळीचा कण असेल तर त्याहून वाईट, कारण दोन टोके स्प्रिंगच्या जोराने एकमेकांवर दाबली जातात, मधला कण भरडला जातो आणि त्याचा चुरा समोरच्या काचेवरही ओरखडे काढतो. म्हणून आधी पाहायचे, मग पुसायचे, पुन्हा पाहायचे आणि मगच जोडायचे, असा आमचा क्रम ठरलेला आहे. पहाटे साडेतीन वाजता, मागे एसीचा सतत घोंघावणारा आवाज असताना आणि पाठ रॅकमध्ये वाकवून वाकवून आखडलेली असताना, या क्रमातला शेवटचा ‘पुन्हा पाहायचे’ गळून पडतो. त्या रात्री तो एकदाही गळला नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

या धुळीचा राग येण्याचे आणखी एक कारण आहे. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काओ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की, काचेतून प्रकाश दूरवर जात नाही याचा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे. लोहासारख्या धातूंचे अंश काढून टाकले आणि एका किलोमीटरमागे होणारी घट वीस डेसिबलच्या आत आणली, तर ही काच संदेशवहनाला चालेल. वीस डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एकच हिस्सा उरणे. तेवढेसुद्धा तेव्हा स्वप्नवत होते. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी सतरा डेसिबलची काच काढून दाखवली. आज आपण जमिनीत पुरतो त्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आणि मला उगाचच अभिमान वाटतो अशी गोष्ट म्हणजे, देशातली पहिली ऑप्टिकल फायबरची जोडणी १९७९ मध्ये आमच्या पुण्यातच, टेलिफोन एक्स्चेंजांना जोडण्यासाठी, सुरू झाली होती. इतक्या लोकांनी इतकी वर्षे खपून काच इतकी निर्मळ केली की सहासष्ट किलोमीटर लांबीच्या तिच्या पोटात प्रकाशाला फारसे काही अडत नाही. आणि तिच्या शेवटच्या टोकाला मी घामाचे बोट लावून ठेवायचे, हे मला कृतघ्नपणाचे वाटते.

सहासष्ट किलोमीटर हा आकडा मी सहज घेतलेला नाही. आमच्या संस्थेची पर्यायी साठवण, जिला आम्ही डीआर साइट म्हणतो, लोणावळ्याजवळ आहे आणि पुण्यापासून तिथपर्यंत भाड्याने घेतलेली फायबरची एक जोडी जाते. तिचा हिशेब मला पाढ्यासारखा पाठ आहे. पुण्याच्या टोकाकडून लेझर अधिक दीड डीबीएमने, म्हणजे सुमारे १.४ मिलिवॅट शक्तीने, निघतो. सहासष्ट किलोमीटर काचेत १३.२ डेसिबल जातात. केबलचे रीळ दोन किलोमीटरचे धरले तर वाटेत बत्तीस जोड, त्यांचे १.६. चार कनेक्टरांचे मिळून दोन. सगळे वजा करता पलीकडे उणे १५.३ पोहोचायला हवे, म्हणजे सुमारे तीस मायक्रोवॅट. निघालेल्या प्रकाशातले शंभरात दोन हिस्से. पलीकडचे मॉड्यूल, म्हणजे प्रकाश पाठवणारा आणि ऐकणारा सुटा भाग, उणे चोवीसपर्यंत वाचू शकते, त्यामुळे काळजीचे काही कारण नाही. प्रत्यक्षात मात्र उणे १७.१ येतात. मधले दोनेक डेसिबल कागदावर कुठेच नाहीत. ते रस्त्यावर सांडलेले आहेत. जेसीबीच्या दातांनी केबल तुटते, माणसे येतात, मध्ये नव्या केबलचा तुकडा घालतात आणि जिथे एकही जोड नव्हता तिथे दोन होतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्हीकडचे दिवे हिरवे होतात, सगळे घरी जातात आणि जोडणी मात्र आधीपेक्षा तीळभर अंधारी होऊन बसते.

हे तीळभर अंधारणे ज्यांनी मला दाखवले ते माझे आधीचे साहेब आता निवृत्त आहेत. त्यांची फुलस्केप वही माझ्या खणात आहे. दर सोमवारी सकाळी ते प्रत्येक मॉड्यूलचे आकडे विचारून घेत आणि शाईच्या पेनाने लिहीत: तारीख, जोडणी, पाठवलेली शक्ती, मिळालेली शक्ती, तापमान, शेरा. मी नवा होतो तेव्हा मला या वहीचे हसू येई. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी हेच आकडे गोळा करून आलेख काढणारी प्रणाली होती. मग हे आजोबांसारखे वह्या कशाला भरतात, असे मी कँटीनमध्ये म्हणालोही होतो. पुढे एकदा दोन वर्षांपूर्वीचा एक आकडा हवा होता. तेव्हा कळले की ती प्रणाली जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदींची सरासरी काढत जाते आणि वर्षभरानंतर दिवसाला एकच बिंदू शिल्लक ठेवते. त्या बिंदूत तो दिवस कसा गेला ते काहीच उरलेले नव्हते. वहीत होते. ‘पाऊस, चेंबर भरला.’ ‘खोदकाम, केबल बाजूला सरकवली.’ ‘उंदीर.’ एका मार्चमध्ये नुसते ‘कारण कळत नाही’ आणि त्याखाली पुढच्या सोमवारी ‘अजूनही कळत नाही.’ आता मी तीच वही पुढे भरतो. शंभर गिगाबिटच्या नव्या जोडण्या आल्यापासून तर तिची गरज वाढली आहे, कारण ती उपकरणे वाटेत झालेल्या चुका गणिताने मूकपणे दुरुस्त करून देतात. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, आणि ज्या दिवशी त्या गणिताची ताकद संपते त्या दिवशी जोडणी मावळत नाही, कड्यावरून पडते. दुरुस्तीआधी किती चुका होत्या, हा आकडा वेगळा विचारावा लागतो, आणि न विचारता तो कोणी सांगत नाही.

साहेबांच्या वहीत माझ्याबद्दलही एक नोंद आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ऐंशी किलोमीटर पल्ल्याची दोन नवी मॉड्यूल आली होती. ती चालतात का हे पाहण्याच्या उत्साहात मी त्यांना टेबलावरच, दोन मीटरच्या कॉर्डने, समोरासमोर जोडले. पल्ला मोठा म्हणजे पाठवणारा दांडगा आणि ऐकणारा फार नाजूक, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ऐकणाऱ्याची सहनशक्ती पाव मिलिवॅटपेक्षाही कमी होती आणि मी त्याच्या डोळ्यात सव्वा मिलिवॅटहून अधिक प्रकाश ओतला. मध्ये लावायचे ॲटेन्युएटर, म्हणजे प्रकाश मुद्दाम मंद करणारे टोपण, त्याच टेबलाच्या खणात पडून होते. साहेब रागावले नाहीत. त्यांनी मॉड्यूल हातात घेतले, आत काही दिसणार नाही हे ठाऊक असूनही सवयीने तिरपे धरले आणि म्हणाले, “याला अंधारात बघायची सवय होती रे.” त्या सोमवारचा शेरा असा आहे: ‘एक मॉड्यूल गेले. चष्मा न लावता.’

अंधाराशी आमचा संबंध असा विचित्र आहे. ज्या प्रकाशावर आमचे पोट चालते तो १५५० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. मोबाइलचा कॅमेराही तो टिपत नाही, म्हणून ‘कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, म्हणजे लेझर बंद आहे’ असे म्हणणाऱ्या नव्या मुलाला मी पहिल्याच दिवशी थांबवतो. आईने एकदा विचारले होते, “तुमचा तो उजेड असतो तरी कसा?” तेव्हा मी फायबर ओळखण्याचा लाल टॉर्च घरी आणला, पुरणाच्या चाळणीएवढे वेटोळे तिच्यासमोर धरले आणि तिला दाखवले, की वेटोळे मोठे असताना लाल ठिपका फक्त पलीकडच्या टोकाला दिसतो आणि बोटाभोवती घट्ट गुंडाळले की काच जिथे वाकली तिथेच लाल पाझरायला लागते. ती म्हणाली, “म्हणजे फार वळवलं की गळतं.” मी हो म्हणालो. खरा उजेड असा दिसत नाही, हेही सांगितले. ते तिला बहुधा पटले नाही.

काचेइतकाच घोळ शब्दांत होतो, आणि यंत्रांची मांडणी करणे हे सगळे शब्दांचेच काम आहे. प्रत्येक पोर्टला, म्हणजे कॉर्ड खुपसायच्या खाचेला, यंत्राच्या मांडणीत वर्णनाची एक ओळ असते, त्यात पलीकडे काय आहे ते लिहायचे असते, आणि ती ओळ खरी आहे की खोटी याच्याशी यंत्राला काही देणेघेणे नसते. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री दोन वाजता मी पुण्यात बसून लोणावळ्याच्या स्विचवर काम करत होतो. तेविसावे पोर्ट बंद करायचे होते. त्याच्या वर्णनात ‘स्पेअर’ लिहिलेले होते. मी आज्ञा दिली, एंटर दाबले आणि पडद्यावरची खूण लुकलुकायची थांबली. हा थांबलेला क्षण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. पोटात खड्डा पडतो, आपण आणखी दोनदा एंटर दाबतो, आणि मग शेखचिल्लीची गोष्ट आठवते: ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली. तेविसाव्या पोर्टवरूनच मी आत शिरलेलो होतो. पावसात, वायपर पूर्ण वेगाने चालू असताना, मी गाडी काढून लोणावळ्याला गेलो. रखवालदाराने छत्री धरली, रॅकचे दार उघडले आणि तेविसाव्या पोर्टमधल्या पिवळ्या कॉर्डवर नीट चिकटवलेली चिठ्ठी दिसली: ‘पुणे, मुख्य.’ अक्षर माझेच होते. चार महिन्यांपूर्वी चोविसाव्या पोर्टचा खटका सैल झाला म्हणून मीच कॉर्ड शेजारी हलवली होती, चिठ्ठी बदलली होती, आणि यंत्रातली ती एक ओळ ‘उद्या बदलू’ म्हणून ठेवली होती. तेव्हापासून मी सुरक्षित दोर बांधल्याशिवाय दूरच्या यंत्राला हात लावत नाही. जुनिपर कंपनीच्या यंत्रांवर ‘कमिट कन्फर्म्ड’ नावाची सोय असते. बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र आपण होऊन पूर्वीच्या मांडणीवर परतते. सिस्को कंपनीच्या जुन्या यंत्रांवर बदल करण्याआधीच ‘रीलोड इन’, म्हणजे इतक्या मिनिटांनी आपण होऊन पुन्हा सुरू हो, असे सांगून ठेवण्याची रीत आहे. आपण वाटेत हरवलो तर घर आपल्याला हाक मारून परत आणेल, इतकी साधी ही तजवीज आहे. पण वर्णनाची ओळ खरी ठेवण्यासाठी कोणी अशी सोय काढलेली नाही.

पंचविसाव्या बुचाने मला खरी आठवण करून दिली ती मात्र वेगळ्याच माणसाची. दोन पावसाळ्यांपूर्वी सकाळी अकराला लोणावळ्याची जोडणी गेली. दोन्हीकडे ‘प्रकाश नाही’चा इशारा आला. पुण्याकडून ओटीडीआर मारला. हे यंत्र काचेत एक स्पंद सोडते आणि काचेतूनच मागे विखुरलेला प्रकाश ऐकत बसते; किलोमीटरला जाण्याचे पाच आणि येण्याचे पाच असे मायक्रोसेकंद मोजून अंतर काढते. रेघ उतरत उतरत गेली आणि ४१.३ किलोमीटरवर कोसळली. फायबर देणाऱ्या कंपनीच्या व्हॅनबरोबर मीही गेलो. जोड मारणारे काका साठीच्या जवळचे होते. तांब्याच्या केबलच्या काळापासून याच रस्त्यावर काम करत होते. मी त्यांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, “साहेब, तुमचा आकडा काचेचा आहे. रस्ता त्याच्या अलीकडेच संपतोय.” प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल वेटोळे करून ठेवलेली असते, काच केबलच्या आत किंचित सैल, पिळा घेऊन बसवलेली असते, यंत्रात काचेचा अपवर्तनांक हजारांशाने चुकीचा भरला तरी एवढ्या अंतरावर अठ्ठावीस मीटरचा फरक पडतो. काकांनी हे असे सांगितले नाही. त्यांनी तीन चेंबर मोजले, कामशेतच्या अलीकडे एका वळणावर व्हॅन थांबवली आणि शंभर पावले चालत गेले. तिथे नवीन काढलेल्या चरीत तांबड्या पाण्यात केबलची दोन टोके वर आली होती. केबल दीड मीटरहून खोल पुरायची असते. इथे ती माझ्या गुडघ्याइतकीही खोल नव्हती. पलीकडे भातखाचरे तुडुंब भरलेली आणि चिखलाचा वास.

ताडपत्रीखाली त्यांचे काम सुरू झाले ते तीन तास चालले. केबलचे आवरण सोलून, जेली पुसून त्यांनी चोवीस कोर, म्हणजे काचेचे तंतू, पसरले आणि रंग पुटपुटायला लागले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, ॲक्वा. हा रंगक्रम ठरलेला आहे, पण तो असा आरतीच्या चालीत मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. केसाएवढी कोर सोलायची, अल्कोहोलने पुसायची, हिऱ्यासारख्या धारेने सरळ तोडायची, स्प्लायसिंग मशीनच्या खाचेत ठेवायची. पडद्यावर दोन टोके एकमेकांसमोर येतात, ठिणगी पडते, आणि जिथे दोन काचा होत्या तिथे एक होते. यंत्र नुकसानीचा अंदाज दाखवते. ०.०२ आला की काका मान हलवत, ०.०८ आला की न बोलता तोडून पुन्हा करत. माझ्या मनात राहिली ती मात्र दुसरीच गोष्ट. तोडलेल्या काचेचा प्रत्येक तुकडा ते डाव्या मांडीवर चिकटवलेल्या काळ्या टेपवर ठेवत होते. एका बाजूचे चोवीस झाले की मोजत, टेपची घडी घालून औषधाच्या जुन्या बाटलीत टाकत आणि बाटलीचे झाकण लावत. मी म्हणालो, “काका, एवढा चिखल आहे, एखादा पडला तर कळणारही नाही.” ते म्हणाले, “तेच तर. कळणार नाही म्हणून मोजायचा.” ही काच बोटात शिरली तर दिसत नाही आणि निघतही नाही, हे त्यांनी त्यानंतर सांगितले. चहा आला तेव्हा त्यांनी ताडपत्रीबाहेर जाऊन, पावसात उभे राहून, तो घेतला. जिथे काच तुटते तिथे तोंडात काही घालायचे नाही, हाही त्यांचा नियम होता.

म्हणून मी त्या रविवारी घरी बसल्या बसल्या आकडे पाहिले. लोणावळ्याची जोडणी आदल्या रात्री हलवलेल्या सहांपैकीच एक होती. काम होण्याआधी उणे १७.१, काम झाल्यावर उणे १७.४. दशांश तीन डेसिबल. कुठलाही इशारा वाजत नाही, कोणाचेही काम अडत नाही, आणि मी गप्प बसलो असतो तर कोणीही मला विचारले नसते. कॉर्ड नवी आहे, कनेक्टरचा नग वेगळा आहे, एवढा फरक पडायचाच, असे मी स्वतःला समजावत होतो आणि ते खोटेही नव्हते. आई समोर बसून भाचीच्या रुखवतासाठी क्रोशाचे तोरण विणत होती. मधूनच तिने विचारले, “हरवलेलं सापडलं का?” मी म्हणालो, “हरवलेलं नाही गं, जास्तीचं आहे.” तिने चष्म्यावरून पाहिले. जास्तीच्या वस्तूसाठी माणूस का झुरतो, ते तिला कळेना.

पुढच्या शनिवारच्या परवानगीसाठी अर्ज करताना कारणाच्या रकान्यापाशी मी अडलो. ‘बूच’ असे लिहिणे शक्य नव्हते. शेवटी ‘प्रतिबंधात्मक तपासणी’ असे भारदस्त लिहिले आणि ते मंजूर झाले. रात्री बाराला रॅकसमोर पहिल्यांदा सगळी रिकामी पोर्ट टॉर्चने पाहिली. प्रत्येकात झाकण होते. मग लोणावळ्याची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली, कॉर्ड काढली, मायक्रोस्कोपखाली धरली. करडी चकती, मध्ये मोहरी, आणि काठाकडे एक पुसट तेलकट ढग. गाभ्यापर्यंत तो पोहोचला नव्हता; त्याच्यामुळेच तीन दशांश गेले, असे शपथेवर सांगता येणार नाही. क्लीनरच्या पेनाने दोनदा टिक्-टिक् केले, पुन्हा पाहिले, समोरचेही टोक पुसले आणि कॉर्ड लावली. आकडा उणे १७.० वर स्थिरावला. मला बरे वाटले, आणि इतके बरे वाटण्याची थोडी लाजही वाटली. मग रॅकच्या मागे गेलो, तेव्हा केबलच्या जुडग्यात मागे अडकवून ठेवलेली एक जुनी पिवळी कॉर्ड दिसली. तिच्या चार टोकांपैकी एक उघडे होते. पण त्याच्यावरची धूळ आठवड्याभराची नव्हती. ती मायक्रोस्कोपखाली चंद्रासारखी नाही तर खरवडलेल्या तव्यासारखी दिसत होती. तिचे बूच कधीतरी महिन्यांपूर्वी गळून रॅकच्या तळाशी पडले असेल, त्या रविवारी पहाटे ते माझ्या बुटाखाली आले असेल आणि मी अर्धवट झोपेत ते उचलून खिशात टाकले असेल. असेच झाले असावे. किंवा नसावे. वहीत मी सोमवारी दोन्ही आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करून ‘कारण कळत नाही’ असे लिहिले आणि वरची पाने चाळून साहेबांचे तेच शब्द त्याच जागी पाहिले.

ते बूच परत वापरण्याचा प्रश्नच नव्हता. साबणाचा अंश आणि कापसाचे तंतू पोटात घेऊन आलेले झाकण काचेच्या टोकावर बसवण्यापेक्षा टोक उघडे राहिलेले परवडले. नव्या बुचांनासुद्धा आतून प्लॅस्टिकची भुकटी असते, म्हणून तर झाकलेले टोकही आम्ही पुसल्याशिवाय जोडत नाही. टाकून द्यायचे म्हणून मी ते शोधले तर टेबलावर नव्हते. चहाच्या कपाशेजारी नव्हते, फ्रीजवर नव्हते, किल्ल्यांच्या वाडग्यातही नव्हते. आई गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसली होती. तोरण संपत आले होते. बारीक सूत घेतले की ती सर्वांत बारीक सुई वापरते, आणि ती सुई पिशवीत भोसकते, बोटाला टोचते, अशी तिची नेहमीची तक्रार असते. सव्वा मिलिमीटरच्या त्या सुईच्या टोकावर माझे पंचविसावे बूच माप घेऊन केल्यासारखे बसले होते.

“छान बसलंय,” ती म्हणाली. “अजून आहेत का रे तुझ्याकडे?”

“आहेत,” मी म्हणालो, “पण ती मोजलेली आहेत.”